शेफर्ड्स पाय

शिजवलेल्या खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा जाड थर देऊन भट्टीत भाजलेला ब्रिटिश घरगुती पदार्थ. नावातला ‘पाय’ हा इंग्रजी शब्द आहे, त्याचा मेंढपाळाच्या पायाशी काही संबंध नाही. एरवी पाय म्हटले की पिठाचे कवच आले. इथे ते नाही, त्याची जागा बटाट्याने घेतली आहे.

आजच्या ब्रिटनमध्ये मेंढीचे मांस असेल तर ‘शेफर्ड्स पाय’ आणि गोमांस असेल तर ‘कॉटेज पाय’ असा भेद मानतात, आणि तो चुकला तर जेवणाच्या टेबलावर हमखास वाद होतो. इतिहासाचा मात्र या काटेकोरपणाला आधार नाही. ‘कॉटेज पाय’ हे नाव जुने. नॉरफकमधले पाद्री जेम्स वुडफर्ड यांच्या १७९१ च्या रोजनिशीत ते आढळते. एडिंबरात १८४९ साली निघालेल्या एका पाककृतीच्या पुस्तकात ‘शेफर्ड्स पाय’ आहे, पण तिथे शिजलेले कोणतेही मांस चालते आणि तेही खिमा न करता काप करून. मेंढीचा आग्रह बराच नंतरचा. आयर्लंडमध्ये तर अजूनही गोमांसाच्या पायला सर्रास शेफर्ड्स पाय म्हणतात.

हा पदार्थ मुळात उरलेल्याचा. रविवारी मांसाचा मोठा तुकडा भाजायचा आणि सोमवारी, म्हणजे कपडे धुण्याच्या दिवशी, उरलेल्या मांसावर वेळ निभावून न्यायची, ही जुनी ब्रिटिश रीत. आपल्याकडे रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होतो, तोच हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाताने फिरवायचे खिमायंत्र घरोघरी पोचले आणि कापांची जागा खिम्याने घेतली. दुसऱ्या महायुद्धात मार्च १९४० मध्ये मांसावर रेशन आले, ते जुलै १९५४ पर्यंत टिकले. युद्धकाळात बटाटा मात्र रेशनबाहेर होता. सरकारने ‘पोटॅटो पीट’ नावाचे चित्रपात्र काढून त्याचा प्रचारही केला. थोडे मांस आणि वर भरपूर बटाटा, हे प्रमाण अशा दिवसांना सोयीचे होते.

चौघांसाठी साधारण अर्धा किलो खिमा आणि ९०० ग्रॅम बटाटे लागतात. आता उरलेल्या मांसाऐवजी बहुतेक घरांत कच्चा खिमाच आणतात. तो पसरट भांड्यात मोठ्या आचेवर टाकला की आधी पाणी सुटते. ते पाणी आटून चरचर ऐकू येईपर्यंत आणि खिम्याला तपकिरी रंग चढेपर्यंत थांबावे लागते. चव इथे तयार होते, घाई केली तर खिमा नुसता उकडलेला लागतो. मग बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी, थाईम, तमालपत्र, चमचाभर मैदा, थोडी टोमॅटो प्युरे आणि सुमारे ३०० मिलिलिटर मांसाचे किंवा भाज्यांचे पाणी. शेवटी वूस्टर सॉस. इंग्रजी लिखाणात (Worcester) त्याची अक्षरे कितीही असोत, उच्चार एवढाच. ली अँड पेरिन्स यांनी १८३७ मध्ये तो बाजारात आणला आणि त्यात चिंच असते, त्यामुळे मराठी जिभेला तो परका वाटत नाही. पळीने मधोमध रेघ ओढल्यावर क्षणभर भांड्याचा तळ दिसला की रस्सा पुरेसा आटला. महाराष्ट्रात मटण म्हणजे बहुधा बोकडाचे. त्याचा खिमा शिजायला वेळ घेतो, तेव्हा पाणी आणि धीर दोन्ही जास्त ठेवावे.

खरी परीक्षा बटाट्याची. ब्रिटनमध्ये १९०२ पासूनचा ‘किंग एडवर्ड’ किंवा १९६६ मध्ये आलेला ‘मॅरिस पायपर’ असे पिठूळ वाण घेतात. चिकट नवा बटाटा कामाचा नाही. उकडलेले बटाटे निथळून पुन्हा त्याच गरम भांड्यात मिनिटभर मंद आचेवर कोरडे करावेत, मग लोणी आणि गरम दूध घालावे. मिक्सर कटाक्षाने टाळावा, त्यात स्टार्च मोकळा होऊन बटाट्याची खळ होते. पुरणयंत्र असेल तर त्याहून चांगले साधन नाही.

खिमा कोमट झाल्यावरच वर बटाटा पसरतात, नाहीतर तो रश्श्यात बुडतो. सुरुवात कडांपासून करून मध्याकडे यावे, म्हणजे कड बंद होते आणि रस्सा उतू जात नाही. काट्याने ओढलेल्या रेघा शोभेच्या वाटतात, पण त्या उंचवट्यांवरच बटाटा कुरकुरीत होतो. २०० अंश सेल्सिअसला अर्धा तास, बाहेर काढून दहा मिनिटे विसावा, मग उकडलेल्या मटारासोबत पानात.

वर पावाचा चुरा आणि चीज घातले की ‘कम्बर्लंड पाय’, मांसाऐवजी मसूर घेतली की ‘शेफर्डेस पाय’. फ्रान्समधला भाऊबंद ‘आशी पार्मांतिए’, बटाट्याचे पुरस्कर्ते आंत्वान-ऑग्युस्तँ पार्मांतिए (१७३७–१८१३) यांच्या नावाचा. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतला पोटॅटो चॉपही याच जोडीचा: बटाट्याच्या पारीत मसालेदार खिमा भरून, रव्यात किंवा पावाच्या चुऱ्यात घोळवून तव्यावर तळलेला. मूळ पायमध्ये आले, लसूण, गरम मसाला घालणारे पुष्कळ आहेत. पदार्थ चविष्ट होतो, मात्र तो मग चॉपच्या जवळ जातो.