होमलेस वर्ल्डकप म्हणजे टॅलेंट हंट नाही

फुटबॉलमुळे बेघर माणूस सावरतो म्हटलं की लगेच ऐकू येतं, "हो, त्यांच्यातला एखादा चमकतो, त्याला क्लब घेतो, बाकीचे परत फुटपाथवर." वर्षानुवर्षं लोक हेच बोलतायत आणि ते चुकीचंय.

होमलेस वर्ल्डकप म्हणजे बेघर लोकांची आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, ती 2003 ला ऑस्ट्रियातल्या ग्राझमधे सुरू झाली, 18 देश होते. कल्पना मेल यंग आणि हॅराल्ड श्मीड यांची, रस्त्यावर बेघर लोक जे पेपर विकतात त्यांच्याशी दोघंही जोडलेले. आता नियम बघा, एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं! चॅम्पियन तयार करायचे असते तर चांगला खेळणाऱ्याला परत नेला असता ना, पण इथे मुद्दाम जागा रिकामी करतात म्हणजे पुढच्याला मिळेल. मैदान छोटं, एका टीमचे चौघं, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, त्यामुळे नवख्यालाही सारखा बॉल मिळतो.

खरा फरक पडतो तो प्रॅक्टिसमधे. ठरलेल्या वेळी यायचं, आला नाहीस तर कोणीतरी विचारतं कुठे होतास, आणि ज्याला कित्येक महिने कोणी नावानं हाक मारली नाही त्याच्यासाठी हे लई मोठंय. मग त्याच ओळखीतून कागदपत्रं, व्यसनमुक्ती, काम, खोली यांचं बोलणं निघतं.

आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी 2001 ला सुरू केलेली स्लम सॉकर ही संस्था याच स्पर्धेला भारताची टीम पाठवते. घर काय फुटबॉल देत नाही, ते सरकारनंच द्यायला हवं, पण ते मागायला उभं राहायची ताकद टीममधून येते.