सोमर्टन मॅन आणि खलाशांची जुनी कार्डं

1 डिसेंबर 1948 च्या सकाळी अ‍ॅडलेडजवळच्या सोमर्टन किनाऱ्यावर एका पुरुषाचा मृतदेह सापडला. अंगावर नीटनेटका सूट, पण कपड्यांची लेबलं काढून टाकलेली आणि खिशात ओळख पटवणारा एकही कागद नाही. बोटांचे ठसे देशोदेशी पाठवले गेले, कुठेच जुळले नाहीत. पुढची सत्तरेक वर्षं हा माणूस कोण यावर नाना तर्क लढवले गेले. त्यात हेरगिरीच्या कथा जास्त गाजल्या, पण तो खलाशी असावा हा तर्क अधिक चिवट निघाला. त्याचं मूळ एका सुटकेसमध्ये आहे.

ही सुटकेस 14 जानेवारी 1949 ला अ‍ॅडलेड रेल्वे स्टेशनच्या सामानघरात मिळाली. 30 नोव्हेंबरला सकाळी 11 नंतर कुणीतरी ती तिथे ठेवली होती. आत स्टेन्सिलचा ब्रश, पातं कापून आखूड आणि धारदार केलेली जेवणाची सुरी आणि टोकं घासून धारदार केलेली कात्री होती. मालवाहू जहाजावरचा थर्ड ऑफिसर मालावर खुणा रंगवायला अशी अवजारं वापरतो, त्यामुळे तपास गोदीकडे वळला. शिवाय त्यात बार्बर छापाचा मेणवलेला नारिंगी दोरा होता. तो ऑस्ट्रेलियात मिळत नसे, आणि मृताच्या पँटच्या खिशाचं अस्तर तशाच दोऱ्याने शिवलेलं होतं. एका टायवर ‘टी. कीन’ असं नाव होतं. बेपत्ता असलेल्या एका स्थानिक खलाशावर संशय गेला, पण त्याच्या सोबत्यांनी मृतदेह पाहून ‘हा तो नव्हे’ असं सांगितलं. मृताच्या हातांवर अंगमेहनतीच्या खुणा नव्हत्या, याकडे मात्र खलाशी-पक्षाने फारसं लक्ष दिलं नाही. डेकवर दोर ओढणाऱ्याचे हात तसे राहत नाहीत. पर्सर (जहाजावरचा हिशेबनीस) किंवा वायरलेस ऑपरेटर असेल तर गोष्ट वेगळी.

2011 मध्ये या तर्काला नवा जोर आला. अ‍ॅडलेडच्या एका महिलेला वडिलांच्या सामानात अमेरिकेत दिलेलं खलाशी ओळखपत्र सापडलं. त्यावर तारीख 28 फेब्रुवारी 1918, राष्ट्रीयत्व ब्रिटिश, वय 18 आणि एका तरुणाचा फोटो. नाक, ओठ, कान आणि गालावरचा तीळ मृताच्या छायाचित्रांशी जुळतो, असं एका मानवशास्त्रज्ञाने सांगितलं. पण वयाचा हिशेब तिथेच करून पाहायला हवा होता. हा तरुण 1948 च्या अखेरीस 48 किंवा 49 वर्षांचा झाला असता, आणि मृताचं वय 40 ते 45 धरलं होतं. एवढ्याने माणूस बाद होत नाही, पण सावध तरी व्हावं.

अशा माणसाचा माग ब्रिटिश नोंदींमधून काढायचा तर आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. या नोंदी माणसाच्या चरित्रासाठी नव्हत्या. खलाशी कोणत्या जहाजावर चढला, कधी उतरला आणि गरज पडली तर नौदलाला तो मिळेल का, एवढंच सरकारला हवं होतं. 1835 पासून खलाशांची नोंदणी झाली, 1845 ते 1853 या काळात खलाशांना नोंदणीची तिकिटं दिली गेली आणि त्यांच्या नोंदीत उंची, केस, डोळे असं वर्णनही आलं. 1857 मध्ये सगळं बंद पडलं. खर्च आणि कटकट यांच्या मानाने उपयोग नाही, असं प्रशासनाचं मत झालं. मग 1913 पर्यंत खलाशांची मध्यवर्ती नोंदवहीच नाही.

1913 नंतरची पद्धत कार्डांची. तिचे सीआर 1, सीआर 2 असे प्रकार आहेत. सीआर 1 कार्डं आडनावाच्या क्रमाने लावलेली आहेत. त्यांवर जन्मवर्ष, जन्मस्थळ, हुद्दा, थोडंसं वर्णन आणि सगळ्यात महत्त्वाचा डिस्चार्ज नंबर, म्हणजे त्या खलाशाचा स्वतःचा क्रमांक, असतो. तो नंबर घेऊन सीआर 2 कार्डांकडे जायचं. ती नंबराच्या क्रमाने आहेत. त्यांवर जहाजांची नावं शोधत बसू नये, तिथे बहुतेक आकडेच असतात. ते जहाजांचे अधिकृत क्रमांक, शेजारी चढल्याची तारीख. जहाज विकलं गेलं, नाव बदललं, तरी हा क्रमांक बदलत नाही, म्हणून नावापेक्षा त्यावर विसंबावं. क्रमांकावरून जहाज ठरलं की त्या वर्षाचं क्रू-करारपत्र, म्हणजे जहाजाने खलाशांशी केलेला करार, मागवायचं.

इथे 1918 च्या तरुणाची पंचाईत होते. 1913 ते 1920 ची सीआर 1 आणि सीआर 2 कार्डं 1969 मध्ये नष्ट केली गेली. त्या वर्षांसाठी उरतात ती 1918 ते 1921 ची सीआर 10 कार्डं, आणि त्यांवर फोटो आहेत. पण ती ब्रिटिश जहाजांवरच्या खलाशांची. एखादा पोरगा त्या वर्षांत अमेरिकन जहाजावर असेल तर तिथे तो सापडणारच नाही, आणि न सापडणं हा कशाचाच पुरावा ठरत नाही. या तरुणाबाबत अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातल्या अभिलेखागारांनी शोध घेतला, हाती काही लागलं नाही.

करारपत्रं विखुरलेली आहेत. 1863 नंतरची सुमारे 70 टक्के न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात, सुमारे 10 टक्के लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि 1865, 1875 अशा पाचने संपणाऱ्या बहुतेक वर्षांची उरलेली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात. 1915 चं वर्ष नावाने शोधता येतं, ही मोठी सोय. करारपत्रात ‘मागचं जहाज’ असा रकाना असतो. तो वाचून मागच्या जहाजाचं करारपत्र मागवायचं, त्यावरून त्याच्या मागचं. कार्डं नसली तरी साखळी अशी उलटी ओढता येते. साखळी तुटते ती बहुधा ‘पळाला’ या शेऱ्यापाशी. बंदरात जहाज सोडून पळालेला खलाशी पुढच्या जहाजावर नवं नाव, नवं वय सांगे, आणि कारकून ऐकू येईल तसं लिहून घेई. म्हणून एकटं नाव जुळलं तर त्याला किंमत शून्य. नाव, जन्मवर्ष, जन्मगाव आणि डिस्चार्ज नंबर यांपैकी किमान तीन जुळले, तर पुढे जावं. फोटो सगळ्यात शेवटी पाहावा. आधी पाहिला की बाकीचं सगळं आपोआप जुळायला लागतं.

आणि सगळ्यात आधी तपासायची ती मृत्यूची नोंद. ओळखपत्रावरच्या तरुणाचं कोडं सुटलं ते तिथेच. हौशी संशोधकांच्या मते तो टास्मानियाचा होता आणि 1953 मध्ये मरण पावला. म्हणजे किनाऱ्यावर मृतदेह सापडला तेव्हा तो जिवंत होता. कान, ओठ आणि तीळ यांवर झालेली सगळी चर्चा एका तारखेने निकाली निघाली.

मे 2021 मध्ये मृतदेह उकरून काढला गेला. जुलै 2022 मध्ये अ‍ॅडलेड विद्यापीठाचे डेरेक अ‍ॅबट आणि वंशावळ-अभ्यासक कॉलीन फिट्झपॅट्रिक यांनी मृताच्या प्लास्टरच्या मुखवट्यात अडकलेल्या केसांतल्या डीएनएवरून निष्कर्ष जाहीर केला: हा मेलबर्नचा कार्ल वेब, जन्म नोव्हेंबर 1905, विद्युत उपकरणांचा कारागीर. पोलिसांनी त्यावर लगेच शिक्कामोर्तब केलं नाही. पण मृत्यूच्या वेळी त्याचं वय 43 भरतं आणि त्याच्या एका बहिणीच्या नवऱ्याचं आडनाव कीन होतं. टायवरचं नाव इतकी वर्षं गोदीत शोधलं, ते घरातलंच असावं. सुटकेसमधल्या सामानाची यादीही आता वेगळी वाचली जाते. त्यात ब्रश, सुरी आणि कात्रीबरोबर इलेक्ट्रिशियनचा एक स्क्रूड्रायव्हरही होता.