ऐरोलीच्या खाडीत बोट तिथीवर चालते

ऑफिसमधल्या एका मित्राने अलास्काच्या छोट्या जहाजाच्या सफरीचे फोटो ग्रुपवर टाकले, हिमनद्या, व्हेल, अस्वलं वगैरे, आणि खाली खर्चाचा आकडा, तो बघून मी फोन उलटा ठेवला. पण त्यात त्याने एक गोष्ट बरोबर लिहिली होती की मोठ्या क्रूझवरून हे इतकं जवळून दिसत नाही, कारण मोठं जहाज खोल पाण्यातून जातं आणि खाणंपिणं, जनावरं, पक्षी हे बरंचसं असतं उथळ पाण्यात, काठाला, म्हणून जहाज लहान पाहिजे. मी म्हटलं अरे मग आमची ठाणे खाडीतली ऐरोलीची बोट काय वाईट आहे? मी ठाण्याला कोपरीत राहतो, रिक्षाने पंधरा मिनिटं.

आता ऐरोलीची बोट म्हटलं की सगळ्यांना फक्त फ्लेमिंगो आठवतात. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तेच केलं. सुट्टीचा दिवस, जेवण करून निघू म्हणून दुपारी दीडची फेरी घेतली, आणि बोटीतून दिसलं काय तर पाणीच पाणी आणि लांब कुठेतरी एक गुलाबी रेघ. आई म्हणाली, "यापेक्षा तलावपाळीला गेलो असतो." चूक माझीच होती, त्या दिवशी द्वितीया होती.

तिथीचा काय संबंध? आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीया म्हणजे दोन, त्याची पाऊणपट दीड, म्हणजे आम्ही अगदी भरतीच्या टोकाला पाण्यात उतरलो होतो. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, थोडंफार इकडेतिकडे, पण बिनअ‍ॅपचं असलं गणित चक्क जमतं. कारण साधं आहे, चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो तशी भरतीही रोज ५० मिनिटं पुढे सरकते, आणि प्रत्येक तिथीला पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं, मोजली की जवळपास तेच येतं. दिवसात भरती दोनदा, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात तेव्हा उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात तेव्हा भांग, पाणी सुस्त.

भरतीत चिखल बुडतो, मग फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, खाणार काय? ते भांडुप-नेरूळकडच्या पाणथळ जागांवर जाऊन उभे राहतात. पूर्ण ओहोटीत चिखल उघडा पण बोट जाणार कशी. म्हणून वेळ हवी मधली, पाणी उतरायला लागलंय पण बोटीखाली अजून आहे अशी.

दुसऱ्यांदा गेलो ते फेब्रुवारीत, दशमीला, म्हणजे साडेसातची भरती, बोट नऊची. सोबत भाची. बोटवाले काका दिवा गावचे, इंजिन चालू करताना म्हणाले, "आज भांग हाय, पानी हलू उतरंल, घाई नाय." तेवढ्या एका वाक्यात आमचं सगळं टाइमटेबल आलं.

सुरुवातीला दोन्ही बाजूंना तिवरं, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारी खारफुटीची झाडं. काकांनी एक पान तोडून भाचीला दिलं, चाट म्हणाले, तिने तोंड वाकडं केलं कारण पान खरंच खारट लागतं. तिवर मुळातून बरंचसं मीठ बाहेरच अडवतं आणि जे आत येतंच ते पानावरच्या बारीक ग्रंथींमधून बाहेर टाकतं, ऊन पडलं की मिठाचे कण चमकतात. खाली चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली, ती श्वास घ्यायला, कारण त्या चिखलात बोटभर खाली गेलं की ऑक्सिजन संपतो. तिथले जीवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि सडक्या अंड्याचा वास सोडतात. खाडीपुलावरून जाताना आपण नाक धरतो ना, त्यात गटाराचा हात नक्कीच आहे, पण काही वास खाडीचा स्वतःचा.

मग काकांनी इंजिन बंद केलं. समोर चिखलाचा एक पट्टा नुकताच उघडा पडत होता, लांबून करडा, पण जवळून त्यावर सोनेरी-तपकिरी झाक, जुन्या पितळेच्या तांब्यासारखी. मला या अख्ख्या ट्रिपमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते आणि फोटोत ती कधीच येत नाही. ती झाक म्हणजे डायाटम, डोळ्याला न दिसणारी एकपेशीय शेवाळं, काचेच्या डबीत राहणारी म्हणा, कारण त्यांचं कवच सिलिकाचं असतं. पाणी उतरलं आणि ऊन आलं की ती चिखलातून सरकत वर येतात, उन्हात आपलं अन्न तयार करतात, आणि भरती यायच्या आधी परत खाली जातात, नाहीतर वाहून जातील. त्यांनाही भरतीचं घड्याळ कळतं. आम्हाला कळलं नव्हतं.

त्या झाकेवरच शंभरेक रोहित पुढे सरकत होते, मान खाली, चोच उलटी. यातले बहुतेक लहान रोहित, गडद लालसर चोचीचे. त्यांची चोच चालते ती उलटी टाकूनच, जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी आत-बाहेर, आणि चोचीच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दात आहेत त्यात शेवाळ अडकतं. मोठा रोहित उंच, फिकट, त्याची चाळणी जाड, तो कोळंबीसारखे बारीक जीव आणि अळ्या जास्त खातो. त्यामुळे एकाच चिखलात दोघं जेवतात आणि भांडण फारसं नाही. गुलाबी रंग त्या शेवाळातल्या कॅरोटीनॉइड नावाच्या रंगद्रव्याचा, पिल्लं करडीच जन्मतात. भाचीने विचारलं त्यांचे गुडघे उलटे का, तर ते गुडघे नाहीतच, घोटे आहेत, गुडघा वर पिसांत लपलेला.

पिल्लं मात्र इथे होत नाहीत, ती तिकडे कच्छच्या रणात. इथे ते हिवाळ्यापासून मे-जूनपर्यंत फक्त खायला येतात, आणि मोठ्या संख्येने येतायत ते १९९० च्या दशकापासून. आता इतकं खाणं आलं कुठून? ठाण्याच्या टोकाला ही खाडी एका अरुंद वाटेने उल्हासच्या खाडीला जोडलेली, पाणी धुऊन निघत नाही, गाळ बसत जातो, आणि वरून दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी, म्हणजे शेवाळाला फुकटचं खत. अभ्यासक हेच एक मोठं कारण मानतात. म्हणजे आपण ज्याला खाडी खराब झाली म्हणतो त्याच घाणीवर काही अंशी हे गुलाबी वैभव उभं आहे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण याला हद्द आहे, खत अति झालं की पाण्यातला ऑक्सिजनच संपतो आणि बोटवाल्यांच्या घरच्यांना जाळ्यात मासळी कमी मिळते ते वेगळंच. २०१५ मध्ये इथे अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, तरी नाल्याला बोर्ड वाचता येत नाही.

परतताना निवट्या दिसल्या, तिवराच्या मुळावर बसून डोळे फिरवत. मासा असून पाण्याबाहेर, ओल्या कातडीतून श्वास घेतात. एक ब्राह्मणी घार डोक्यावरून गेली, भाचीचं लक्षच नव्हतं, ती काकांकडून भरतीचं गणित पक्कं करून घेत होती.

घरी आल्यावर तिने भिंतीवरचं कालनिर्णय काढून पुढच्या सगळ्या रविवारांखाली पेन्सिलने आकडे लिहिले. एका षष्ठीपुढे साडेचार लिहून गोल केलाय, बाजूला "बोट सहाची?" आणि आईने त्याखाली लिहिलंय, "अंधार पडेल."