चिकुनगुन्याचा जागतिक प्रसार

चिकुनगुन्या हा एडिस डासांमुळे होणारा विषाणुजन्य ताप. एकाएकी चढणारा ताप, पुरळ आणि धरलेले सांधे ही त्याची लक्षणे. मृत्यू क्वचितच होतो. पण सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. १९५२ मध्ये टांगानिकातील (आताचा टांझानिया) माकोंडे पठारावर आलेल्या साथीत तो प्रथम ओळखला गेला.

आफ्रिकेच्या रानात हा विषाणू माकडे आणि रानडासांत फिरत राहतो. शहरात त्याला माणूस आणि रांजणात, हौदात वाढणारा ईजिप्ती एडिस पुरतो. हा डास स्वतः सहसा काहीशे मीटरपलीकडे जात नाही. विषाणूला समुद्रापार नेतो तो आजारी प्रवासी.

भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात, पुढे चेन्नईत आणि १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत साथी आल्या. नंतर जवळजवळ तीन दशके हा आजार इथल्या डॉक्टरांच्याही विस्मरणात गेल्यासारखा होता.

२००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर पेटलेली साथ हिंदी महासागरातील बेटांवर पोहोचली. रेयुनियन बेटावर २००५-०६ मध्ये सुमारे एक तृतीयांश लोक आजारी पडले. तिथे ईजिप्ती एडिस नावापुरताच. साथ पसरवली ती एडिसच्याच दुसऱ्या जातीने, टायगर डासाने. विषाणूच्या आवरणातील ई-१ प्रथिनात २२६ व्या जागी अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे आले आणि तो या डासात फार सहज रुजू लागला. या डासाची अंडी कोरडी पडली तरी तग धरतात. वापरलेल्या टायरांच्या व्यापारातून तो आधीच युरोप-अमेरिकेत पोहोचला होता. २००७ मध्ये केरळहून आलेल्या एका प्रवाशापासून इटलीतील रावेन्ना परिसरात दोनशेच्या आसपास लोकांना लागण झाली, त्यामागे हेच कारण.

दरम्यान २००६ मध्ये भारतात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्राला मोठा फटका बसला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने हा विषाणू आफ्रिकी वंशाचा असल्याचे दाखवले. बार्शीचा आशियाई होता. म्हणजे जुना शत्रू दबा धरून बसलेला नव्हता, नवाच बाहेरून आला होता.

तरीही या प्रसाराचे सारे श्रेय ई-१ प्रथिनातील त्या एका बदलाला देता येत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटावर उतरला तो जुना आशियाई वंशच, आणि ईजिप्ती एडिसच्या जोरावर वर्षभरात अमेरिका खंडांत दहा लाखांवर संशयित रुग्ण झाले. लोकसंख्येत आधीची प्रतिकारशक्ती नव्हती, एवढे त्याला पुरेसे होते. ब्राझीलमध्ये २०१४ साली आफ्रिकी वंशही स्वतंत्रपणे शिरला.

आजारावर विशिष्ट औषध नाही. पहिल्या लशीला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.