नोटरी आणि अपोस्टिल: कोण कोणाच्या सहीची साक्ष देतं

"पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर अपोस्टिल घेतलंय, म्हणजे ती आता परदेशात चालणारच." हे वाक्य सल्ला म्हणून सर्रास फिरतं आणि ते चुकीचं आहे. "नोटरी झालीय ना, मग अपोस्टिल म्हणजे तेच पुन्हा, फक्त वरच्या ऑफिसातून," हे दुसरं. तेही चुकीचंच. अपोस्टिल म्हणजे कागद दुसऱ्या देशात वापरता यावा म्हणून सरकारी कार्यालय त्याला जोडतं तो दाखला. नोटरी आणि अपोस्टिल, दोन्हींत शिक्का असतो, सही असते आणि खिशातून पैसे जातात. साम्य तिथेच संपतं. साक्ष कोणाच्या सहीची, एवढं विचारलं की दोन्ही कामं वेगळी दिसायला लागतात.

नोटरी सगळ्यांना माहीत आहे, म्हणून झरझर. मुखत्यारपत्र, म्हणजेच पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, लिहून देणारा ओळखपत्र घेऊन जातो, नोटरीच्या देखत सही करतो, नोटरी खाली दाखला लिहून आपला सही-शिक्का करतो. ज्याला अधिकार मिळतायत त्या मुखत्यारानेही हजर राहायचं का, त्याचीही सही लागते का, हे देशागणिक बदलतं. एरवी यात अवघड काही नाही. साक्ष आहे ती लिहून देणाऱ्याच्या सहीची.

अपोस्टिल मात्र लिहून देणाऱ्याच्या सहीकडे ढुंकूनही बघत नाही. ते आलं ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारातून; तो करार २४ जानेवारी १९६५ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे अपोस्टिल फक्त तीन गोष्टींची ग्वाही देतं: दस्तावर सही करणाऱ्याची सही खरी आहे, त्याने ती कोणत्या पदाच्या अधिकारात केली, आणि शिक्का असेल तर तो कोणाचा. मुखत्यारपत्र हा मुळात खासगी कागद, त्यावरची तुमची सहीसुद्धा खासगी. कराराच्या लेखी सार्वजनिक दस्त ठरतो तो त्याखालचा नोटरीचा दाखला. म्हणून अपोस्टिल देणारं कार्यालय नोटरीची सही आपल्याकडच्या नमुना-सहीशी ताडून बघतं आणि शिक्का बघतं. तुम्ही मुखत्याराला घर विकायचा अधिकार दिलाय की फक्त वीजबिल भरायचा, हे वाचणं त्याचं काम नाही. पार्सलवरचा टपालाचा शिक्का ते कुठून निघालं एवढंच सांगतो, आत काय भरलंय त्याबद्दल त्याचं काही म्हणणं नसतं, तसंच हे.

कागद हातात आला की अपोस्टिलचा चौकोन वाचावा. लोक तो बघतात, वाचत नाहीत. नमुन्याप्रमाणे चौकोनाची बाजू किमान ९ सेंटीमीटर, वर फ्रेंचमधलं ठरलेलं शीर्षक, आणि खाली क्रमांक घातलेल्या दहा नोंदी. दुसऱ्या नोंदीत सही करणाऱ्याचं नाव असतं, आणि ते नोटरीचं असतं. तिथे आपलं नाव दिसत नाही म्हणून "चूक झालीय" असं समजून दुरुस्तीला धावणारे पुष्कळ आहेत. चूक काहीच नसते. खरी महत्त्वाची तिसरी नोंद: सही कोणत्या पदाने केली. मुखत्यारपत्र तिकडे टिकणार की नाही, याचा पहिला अंदाज याच ओळीतून येतो.

उदाहरण ब्रिटनचं. तिथे सॉलिसिटरने साक्षांकित केलेल्या कागदालाही परराष्ट्र खात्याकडून अपोस्टिल मिळतं, आणि सॉलिसिटर बहुधा नोटरीपेक्षा स्वस्त पडतो. अपोस्टिल शंभर टक्के खरं, चौकोन व्यवस्थित. पण तिसऱ्या नोंदीत सॉलिसिटर. पलीकडच्या देशाच्या कायद्याला नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र हवं असेल तर तो कागद परत येतो, आणि मग "अपोस्टिल असूनही नाकारलं" अशी तक्रार सुरू होते. नाकारलं ते अपोस्टिल नाही. अपोस्टिलने जे प्रामाणिकपणे सांगितलं, तेच अपुरं होतं.

इथेच सगळा गुंता आहे, म्हणून थोडं थांबून बघू. अपोस्टिल खालच्या कागदाची पायरी वाढवत नाही. साध्या सही-साक्षांकनाला अपोस्टिल लावलं तर ते अपोस्टिल लावलेलं साधं सही-साक्षांकनच राहतं. आणि नोटरी सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेतला नोटरी बहुतांशी समोरच्याची ओळख पटवून सहीची कबुली घेतो. मजकुराच्या कायदेशीरपणाशी त्याला देणंघेणं नसतं, आणि तो वकील असावा अशी अटही सहसा नसते. स्पेन, फ्रान्स, इटली, जर्मनी इथला नोटरी कायदा शिकलेला अधिकारी असतो. तो दस्त स्वतः तयार करतो, देणाऱ्याला त्याचा अर्थ समजला का ते बघतो. स्पेनमध्ये तर मूळ दस्त नोटरीच्या दफ्तरातच राहतो आणि पक्षकाराला अधिकृत प्रत मिळते. दोघांच्याही सहीवर हुबेहूब तसाच चौकोन येतो. चौकोनाखालच्या कागदांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता त्या देशांचे कायदे बघा. स्पेनच्या दिवाणी संहितेचं कलम १२८० मालमत्तेच्या कारभारासाठीचा मुखत्यारनामा सार्वजनिक दस्तात असावा असं सांगतं. जर्मनीत भू-नोंदणीच्या कायद्याचं कलम २९ नोंदणीसाठी सार्वजनिक किंवा अधिकृतपणे साक्षांकित कागदच मागतं. मुखत्यारपत्र कोणत्या रूपात हवं हे काम जिथे व्हायचं त्या देशातल्या कार्यालयाच्या गरजेवर ठरतं, आणि त्यात हेग करार ढवळाढवळ करत नाही. करार फक्त म्हणतो की सही खरी आहे का, हे सिद्ध करायला आणखी काही मागू नका. कागद पुरेसा आहे का, हे तपासायचा तिकडच्या अधिकाऱ्याचा हक्क शाबूत राहतो.

दाखल्याच्या प्रकाराचंही असंच. नोटरी एकाच शिक्क्याने निदान तीन वेगळी कामं करतो: सही आपलीच असल्याची कबुली नोंदवणं, शपथेवर सही घेणं, आणि झेरॉक्सवर खरी प्रत म्हणून सही करणं. मुखत्यारपत्राला लागते ती पहिली, कबुली. घोळ होतो तिसऱ्यात. मूळ कागद हातचा सोडायला नको म्हणून लोक त्याची झेरॉक्स नोटरीकडून खरी प्रत करून घेतात आणि तिच्यावर अपोस्टिल घेतात. आता काय सिद्ध झालं? ही झेरॉक्स खरी आहे असं म्हणणाऱ्या नोटरीची सही खरी आहे, एवढंच. मुखत्यारपत्रावर तुम्ही सही केली, याची साक्ष त्या साखळीत कुठेच नाही. खालचं मुखत्यारपत्र साध्या कागदावर सही केलेलं असलं तरी वरचा चौकोन तितकाच देखणा दिसतो. मुखत्यारपत्राच्या बाबतीत खऱ्या प्रतीवरचं अपोस्टिल, पलीकडून लेखी मागणी असल्याशिवाय, घेऊच नये.

कोणत्या देशाचं अपोस्टिल, हा प्रश्नही उगाच अवघड केला जातो. तुमचं नागरिकत्व कुठलं, घर कुठल्या देशात आहे, याचा संबंध नाही. नोटरी ज्या देशाचा, अपोस्टिल त्या देशाचं. अमेरिकेत तर राज्यसुद्धा जुळावं लागतं. टेक्सासच्या नोटरीच्या सहीला कॅलिफोर्निया अपोस्टिल देत नाही. न्यूयॉर्कमध्ये नोटरीची सही आधी काउंटी क्लार्ककडून (तिथल्या जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याकडून) प्रमाणित करून घ्यावी लागते. ही पायरी गाळली तर कागद तसाच परत येतो.

याच ठिकाणी एक खास सापळा आहे: वकिलातीत केलेलं मुखत्यारपत्र. परदेशात राहणारा माणूस आपल्याच देशाच्या वकिलातीत जाऊन सही करतो, वकिलातीचा अधिकारी साक्षांकन करतो, आणि मग कोणीतरी सुचवतं, "पक्कं व्हावं म्हणून अपोस्टिलही घे." मिळत नाही. राजनैतिक आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी केलेले दस्त कलम १ नेच करारातून वगळले आहेत. तो कागद ज्या देशाची वकिलात त्या देशात वापरण्यासाठीच असतो. दोन वाटा आहेत, स्थानिक नोटरी अधिक अपोस्टिल किंवा आपली वकिलात. दोन्ही एकावर एक रचायच्या नसतात. स्वीकारणारं कार्यालय दोन्ही मान्य करत असेल आणि वकिलात जवळ असेल, तर वकिलातीची वाट बरी. तिकडच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या देशाचा शिक्का ओळखीचा असतो.

करारात नसलेल्या देशासाठी अपोस्टिलच्या जागी साखळी लागते: नोटरी, मग नोटरीच्याच देशातलं वरचं खातं, मग तिथलं परराष्ट्र मंत्रालय, आणि शेवटी जिथे कागद जायचा त्या देशाचा दूतावास. वेळ जास्त, शुल्क जास्त, तत्त्व तेच: प्रत्येक जण आधीच्याच्या सहीची साक्ष देतो. मजकुराची जबाबदारी इथेही कोणी घेत नाही. जुन्या माहितीवर मात्र विसंबू नये. सौदी अरेबियात करार ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून, कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून. तरी या देशांसाठी दूतावासाच्या रांगा सांगणारे लेख अजून सापडतात. उलटही घडतं. दोन्ही देश सदस्य असले म्हणजे झालं असं नाही, कारण नव्या सदस्याला जुना सदस्य हरकत घेऊ शकतो, आणि मग त्या दोघांपुरता करार लागू होत नाही. भारतात करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली. हा करार जिच्यात झाला त्या हेग परिषदेच्या संकेतस्थळावरच्या सदस्य-तक्त्यात हरकतींची नोंद असते. ती बघायला दोन मिनिटं लागतात आणि कोणी बघत नाही.

दोन्ही देशांत करार लागू असताना "अपोस्टिल अधिक दूतावास साक्षांकन" असं पॅकेज विकणारे एजंट हा वेगळाच वैताग आहे. कलम ५ प्रमाणे अपोस्टिलवरच्या सही-शिक्क्याला आणखी साक्षांकन लागत नाही, आणि कलम ९ तर सदस्य देशांना सांगतं की आपल्या वकिलातींना असं साक्षांकन करू देऊ नका. जास्तीचा शिक्का म्हणजे जास्तीची सुरक्षा नव्हे.

"अपोस्टिलची मुदत सहा महिने" हेही ऐकू येतं. करारात अपोस्टिलला मुदतच नाही. मुखत्यारपत्र अमुक महिन्यांच्या आतलं असावं असा नियम पलीकडच्या बँकेचा किंवा नोंदणी कार्यालयाचा असू शकतो, तो त्यांना विचारावा. आणि याची दुसरी बाजू जास्त धोक्याची: मुखत्यारपत्र रद्द केलं किंवा देणारा वारला, तरी अपोस्टिल जसंच्या तसं खरं राहतं. क्रमांक आणि तारीख टाकून ऑनलाइन नोंदवहीत तपासलं तरी "हे अपोस्टिल दिलेलं आहे" एवढंच कळतं. मुखत्यारपत्र आजही जिवंत आहे का, हे त्या नोंदवहीला ठाऊक नसतं. खरेदीदाराच्या बाजूला असाल तर हे आधी लक्षात घ्या.

कामाचा क्रम पलीकडून सुरू करावा. आधी मसुदा कोणत्या भाषेत, कोणत्या रूपात, कोणासमोर सही केलेला हवा, हे स्वीकारणाऱ्या बँकेकडून, नोंदणी कार्यालयाकडून किंवा तिकडच्या नोटरीकडून लेखी घ्या. नावं पासपोर्टप्रमाणे, आद्याक्षरं न वापरता. मालमत्तेचं वर्णन तिकडच्या नोंदीत असेल तसंच. विकण्याचा अधिकार आणि विक्रीचे पैसे स्वीकारण्याचा अधिकार वेगवेगळे लिहा; "सर्व व्यवहार करणे" या मोघम ओळीवर बँका अडून बसतात. मग नोटरी, मग अपोस्टिल, आणि भाषांतर शेवटी, शक्यतो जिथे कागद वापरायचा तिथल्या अधिकृत भाषांतरकाराकडून. भाषांतर आधी उरकलं तर नंतर आलेलं अपोस्टिल भाषांतराविना राहतं आणि पुन्हा खर्च होतो. त्याहून सोयीचं म्हणजे एकाच पानावर शेजारी-शेजारी दोन भाषांचा मजकूर, मात्र नोटरीला दुसरी भाषा येत नसेल तर त्याला आधीच विचारून घ्यावं. काही नोटरी न कळणाऱ्या भाषेतल्या कागदाला हात लावत नाहीत.

हाताळणीत दोनच गोष्टी, पण त्यांनीच कागद वाया जातात. स्कॅन करण्यासाठी पिन काढू नका, कारण अपोस्टिल बऱ्याचदा वेगळ्या पानावर येऊन मूळ दस्ताला जोडलेलं असतं आणि सुटं झालेलं पान कशाचं आहे हे सांगता येत नाही. आणि लॅमिनेशन करू नका. उठावाचा शिक्का बोटाला लागला पाहिजे. बँकेला, नोंदणी कार्यालयाला आणि वकिलाला अशा तीन मूळ प्रती द्याव्या लागणार असतील तर सही करतानाच तीन प्रती करा: तीन सह्या, तीन नोटरी-दाखले आणि तीन वेगवेगळ्या क्रमांकांची अपोस्टिल.