देवमाशाचं बलुतं

समाजमाध्यमांवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरतो. लाकडी बोटीच्या नाळेपुढे काढलेल्या बांबूच्या माच्यावर एक माणूस अनवाणी उभा आहे. हातात त्याच्या उंचीच्या दुपटीहून लांब काठी, टोकाला लोखंडी हार्पून, म्हणजे भाल्यासारखं पातं. बोट जवळ जाते, माणूस काठीसकट हवेत झेप घेतो, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकून देवमाशाच्या पाठीवर पडतो आणि पाणी लाल होतं. खालच्या प्रतिक्रिया ठरलेल्या. निम्मे म्हणतात रानटी, निम्मे म्हणतात शूर. त्या माशाचं पुढे काय होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. खरी गोष्ट तर तिथूनच सुरू होते.

गावाचं नाव लामालेरा. इंडोनेशियाच्या पूर्व नुसा तेंगारा प्रांतात, फ्लोरेसच्या पूर्वेला लेम्बाता नावाचं बेट आहे (जुन्या नकाशांत ते लोम्ब्लेन म्हणून सापडतं). त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, सावू समुद्राकडे तोंड करून हे गाव वसलंय. डोंगराच्या उतारावर वरचं आणि खालचं अशी दोन लामालेरा. जमीन खडकाळ, चढण उभी, शेती जवळजवळ नाहीच. समोरचा समुद्र मात्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर प्रचंड खोल होतो, आणि खोल पाण्यात माकूल खाणारे स्पर्म व्हेल जातीचे देवमासे या पट्ट्यातून ये-जा करतात. स्थानिक बोलीत त्यांना ‘कोतेक्लेमा’ म्हणतात. जमिनीने जे दिलं नाही ते समुद्र दारात आणून सोडतो, अशी ही जागा.

गावकरी स्वतःला इथले मूळ रहिवासी मानत नाहीत. त्यांच्या गाण्यांत आणि कथांत पूर्वज पश्चिमेकडून, बेटांमागून बेटं ओलांडत आले. मध्ये लेपान-बातान नावाच्या छोट्या बेटांवर राहिले, तिथं समुद्र चढून आला, सगळं बुडालं आणि वाचलेले बोटींतून इकडे पोचले. त्या प्रवासातल्या बोटींपैकी एकीचं नाव केबाको पुका. कथेतला किती भाग इतिहास हा वाद बाजूला ठेवू. पण तिचा एक परिणाम आजही टिकून आहे. उशिरा आलेल्यांना जमीन मिळाली ती आधीच्या रहिवाशांकडून. म्हणून त्या मूळ कुळाचा, म्हणजे वुजोन घराण्याचा, मान अजून आहे. हंगाम सुरू होण्याआधी डोंगरावरच्या देवमाशाच्या आकाराच्या शिळेपाशी जाऊन माशांना बोलावण्याचा विधी तेच करतात. मासा आला तर त्यांचा वाटा ठरलेला.

आपल्याकडे बलुतं होतं. सुतार, लोहार, कुंभार यांनी वर्षभर गावाचं काम करायचं आणि खळ्यावर धान्याचा ठरलेला वाटा उचलायचा. लामालेऱ्यात खळं म्हणजे किनारा आणि रास म्हणजे देवमासा. मासा वाळूवर ओढला की त्याच्या अंगावर जणू आधीच रेघा मारलेल्या असतात. वजन होत नाही, लिलाव होत नाही. हा भाग हार्पून मारणाऱ्याचा; त्याला ‘लामाफा’ म्हणतात. हा बोट बांधणाऱ्या सुताराचा, हा हार्पूनचं पातं घडवणाऱ्या लोहाराचा, हा बोट ज्या कुळाची त्या कुळाचा, हा वल्ही मारणाऱ्यांचा. डोक्यात निघणारं तेलही वाटलं जातं. एकेका अवयवावरचा हक्क पिढीजात चालत येतो. त्याच्याही आधी एक शब्द उच्चारला जातो: ‘किदे क्नुके’. विधवा, अनाथ, ज्यांच्या घरी समुद्रावर जाणारं कोणी नाही असे लोक. त्यांचं पोट भरणं ही शिकारीची अट आहे, दानधर्म नव्हे. वाट्यावरून भांडण झालं तर पुढचा मासा येत नाही, असं गाव मानतं. बोटीवर अपयश आलं तर आधी घराघरांत विचारपूस होते: कोणाचं कोणाशी बिनसलंय?

बोटीला ‘तेना’ म्हणतात. लोखंडी खिळा एकही नाही. फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडायच्या आणि आतून दोरांनी आवळायच्या. शीड ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांचं विणलेलं. लांबी दहाएक मीटर. किनाऱ्यावर गवताने शाकारलेल्या छपरांखाली ओळीने या बोटी उभ्या असतात. प्रत्येकीला नाव असतं, कूळ असतं, आणि ती जिवंत आहे असं समजूनच तिच्याशी वागायचं. जुनी झाली तरी नवी बोट त्याच नावाने बांधतात. कोरड्या हंगामाला ‘लेफा’ म्हणतात, तो मे ते ऑक्टोबर. एरवी किनाऱ्यावरून कोणाला फवारा दिसला की ‘बालेओ!’ अशी आरोळी उठते, ती घरोघर पुढे सरकत जाते आणि हातातलं काम टाकून माणसं खाली धावतात. मिशी असलेले, म्हणजे दातांऐवजी झालर असलेले मोठे देवमासे मात्र मारायचे नाहीत. त्यांनी पूर्वजांना तारलं, असं सांगतात.

मांसाच्या पट्ट्या कापून बांबूच्या मांडवांवर उन्हात टांगतात. खाली बांबूच्या पन्हळी लावलेल्या असतात, त्यांत थेंबथेंब तेल गोळा होतं. दिवसभरात पट्ट्या काळ्या पडतात आणि अख्ख्या गावाला तो वास लागतो. इथून पुढचं काम बायकांचं. डोक्यावर टोपली घेऊन त्या डोंगरातल्या गावांत चालत जातात. तिथं मका आहे, केळी आहेत, कंद आहेत, पण मासा नाही. शनिवारी शेजारच्या वुलांदोनीला बाजार भरतो. शिट्टी वाजेपर्यंत कोणी हात लावत नाही. वाजली की अदलाबदल सुरू. मोजणी सहाच्या पटीत: इतक्या कणसांना इतकी पट्टी. पैसे लागत नाहीत असं नाही, पण मांस-मक्याचा हा सौदा पैशाच्या भावावर हलत नाही, आणि गरिबाला त्याचाच आधार.

तो मका घरी आल्यावर काय होतं हेही बघण्यासारखं आहे. दाणे मातीच्या भांड्यात भाजतात, आणि चटका बसत असतानाच हाताने दोन-चार दाणे उचलून सपाट दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने एक ठोका. चपटा, कुरकुरीत दाणा तयार. याला ‘जागुंग तिती’ म्हणतात. मक्याचे पोहेच म्हणा ना. समुद्रावर जाताना हीच शिदोरी.

हे सगळं जगापासून तुटून चाललं होतं, असा एक रोमँटिक समज आहे. तो खोटा. सोळाव्या शतकात चंदनाच्या मागावर पोर्तुगीज इथं आले. शेजारच्या सोलोर बेटावर डॉमिनिकन पाद्र्यांनी १५६० च्या दशकात किल्ला बांधला. हे मिशन मलाक्काच्या बिशपच्या हाताखाली, आणि मलाक्का गोव्याच्या आर्चबिशपच्या. म्हणजे कागदोपत्री का होईना, या बेटांचा धार्मिक कारभार मांडवीच्या काठापर्यंत पोचत होता. १६२४ च्या एका पोर्तुगीज दस्तऐवजात इथले लोक हार्पूनने देवमासे मारतात, तेल काढतात, असा उल्लेख सापडतो. अमेरिकन आणि ब्रिटिश व्हेलिंग जहाजं तिमोरच्या पाण्यात आली ती त्यानंतर दोनेकशे वर्षांनी. त्यामुळे ही कला गोऱ्यांकडून शिकलेली, या तर्कात दम नाही.

व्यापाऱ्यांना रस होता तो अंबरमध्येही. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा सुगंधी गोळा. आपल्याकडे ‘व्हेलची उलटी’ या चुकीच्या नावाने कोकणातल्या पोलीस कारवाईच्या बातम्यांत तो येतो, कारण भारतात त्याचा व्यापार गुन्हा आहे. तोच मासा, तोच गोळा.

१८५९ च्या करारात पोर्तुगालने फ्लोरेस, सोलोर आणि आसपासचे दावे डचांना सोडून दिले. कॅथलिकांच्या धर्माला हात लावायचा नाही ही त्यातली अट, आणि लामालेऱ्याच्या पुढच्या शंभर वर्षांवर इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा तिचा परिणाम जास्त झाला. १८८६ मध्ये जेझुइट पाद्री गावात आले, मुलांना बाप्तिस्मा दिला. १९२० पासून जर्मन मिशनरी बर्नार्ड बोडे गावात राहू लागले. कुळांच्या देवळांतलं बरंच काही त्या काळात मोडलं गेलं. शिकार मोडली नाही. तिच्यावर प्रार्थना चढली. आज लेफाची सुरुवात मिस्साने, म्हणजे चर्चच्या सामूहिक प्रार्थनेने, होते. त्याआधी समुद्रात जीव गेलेल्यांसाठी संध्याकाळी मिस्सा होते आणि किनाऱ्यावरून दिवे सोडले जातात. आणि तरीही वुजोन घराण्याचे लोक डोंगरावरच्या शिळेपाशी जाऊन माशांना हाक मारतातच. दोन्हींत विसंगती आहे हे बाहेरच्याला वाटतं.

मिशनबरोबर शाळा आली. नापीक गावाला तीच शेती ठरली. इतक्या छोट्या वस्तीतून पाद्री, नन, शिक्षक आणि प्राध्यापक किती बाहेर पडले याचं पूर्व इंडोनेशियात कौतुक आहे. गोरिस केराफ हे त्यांतलं ठळक नाव. १९३६ मध्ये लामालेऱ्यात जन्म. इंडोनेशियन भाषेचं व्याकरण शिकलेल्या दोन पिढ्यांनी त्यांची पुस्तकं वापरली, आणि डॉक्टरेटसाठी त्यांनी विषय निवडला तो स्वतःच्या गावची बोली. त्यांच्या शिक्षणाचा खर्च कशातून निघाला असेल, हे वेगळं सांगायला नको. सुकलेल्या पट्ट्यांतून इथं फी भरली गेली आहे.

बाहेरून मदत आली, तीही सांगतो. १९७३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेने व्हेलिंग आधुनिक करायला एक नॉर्वेजियन तज्ज्ञ पाठवला. बंदूकवालं जहाज, जास्त मासे. कागदावर यशच. पण तेना किनाऱ्यावर पडून राहिल्या; आयत्या माशात सुताराचा वाटा कुठला, लोहाराचा कुठला? योजना फार काळ टिकली नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी घटना वाटते. उत्पादन वाढवायला आलेल्यांना वाटपही एक यंत्र आहे हे दिसलंच नाही. किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या, म्हणजे रापणीच्या, दोरीला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो हे ज्यांनी सिंधुदुर्गात किंवा गोव्यात पाहिलंय, त्यांना हे पटकन कळेल.

मासे तरी किती? साधारणपणे वर्षाला वीसच्या आसपास स्पर्म व्हेल, वाईट वर्षी चार-दोन. औद्योगिक व्हेलिंगने विसाव्या शतकात लाखो मारले, त्यापुढे हा आकडा किरकोळ आहे. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवली ती १९८० च्या दशकात. इंडोनेशिया त्या आयोगाचा सदस्यच नाही. देशाचा कायदा मात्र १९९९ पासून देवमाशांना संरक्षित मानतो. पोटापुरत्या शिकारीकडे सरकार डोळेझाक करतं, आणि गाव या डोळेझाकीच्या भरवशावर जगतं. १९९९ हे साल इथं आणखी दोन कारणांनी लक्षात राहतं. लेम्बाता वेगळा जिल्हा झाला, लेवोलेबा त्याचं मुख्य ठाणं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस देशाचे पर्यावरणमंत्री झाले सोनी केराफ. जन्म लामालेऱ्याचा! देवमासे मारणाऱ्या गावचा मुलगा पर्यावरण खात्यात, ही गंमत इंडोनेशियालाच जमावी.

२००९ मध्ये सावू समुद्राला सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित करायचं ठरलं, तेव्हा गाव उघडपणे सरकारसमोर उभं राहिलं. विरोध इतका झाला की सोलोर-लेम्बाता-आलोरचा पट्टा उद्यानाबाहेर ठेवला गेला. शेजारच्या सोलोर बेटावरच्या लामाकेराचं नशीब वेगळं निघालं. तेही शिकाऱ्यांचं गाव, धर्माने मुस्लिम, पकड मांटा रे माशांची. त्या माशांच्या कल्ल्यांना चीनच्या बाजारात भाव आला, इंजिनं आली, शिकार वाढली, मासे घटले आणि २०१४ मध्ये इंडोनेशियाने मांटाला देशभर संरक्षण दिलं. बाजार आत शिरला की काय होतं, हे लामालेऱ्याला खाडीपलीकडे बघून कळतं.

पण बाजार लामालेऱ्यातही शिरलाच आहे. आउटबोर्ड इंजिनाच्या लहान बोटींना इथं ‘जॉन्सन’ म्हणतात, एका जुन्या कंपनीच्या नावावरून. त्यांनी डॉल्फिन, शार्क, उडते मासे पकडता येतात. जाळी आली, तिला ना लामाफा लागतो ना कुळाचा आशीर्वाद. शिवाय रोख पैसा हवाच. मुलांची लेवोलेब्यातली आणि प्रांताच्या राजधानीतली, कुपांगमधली शिक्षणं, फोनचा रिचार्ज, पेट्रोल. लेम्बाताची तरुण माणसं मलेशियाच्या साबाहमध्ये पामच्या मळ्यांवर जातात, ती पिढ्यान् पिढ्या जातायत. काही परततात आणि सिमेंटचं घर बांधतात. पर्यटक येतात, दोन रात्री राहतात, ‘बालेओ’ची वाट पाहतात. लामाफा व्हायला मात्र लहानपणापासून वल्ह्यावर बसावं लागतं. सुट्टीत घरी आलेल्या मुलाला ते जमत नाही.

इंजिन आणि तेना यांच्यात गावाने एक तडजोड काढली आहे. देवमासा दिसला की आता बहुधा जॉन्सन तेनाला दोर लावून ओढत नेते. पूर्वी तासन् तास वल्ही मारावी लागत, मासा हाती लागला तर तोच बोट ओढत नेई. १९९४ मध्ये काही बोटी अशाच वाहवत तिमोरच्या दिशेने गेल्या होत्या. आता तो धोका कमी झाला आहे. माशाजवळ पोचलं की दोर सोडायचा, लामाफाने माच्यावर चढायचं, उडी घ्यायची. मासा किनाऱ्यावर येतो, सुऱ्या निघतात, सुताराचा भाग सुताराकडे जातो, लोहाराचा लोहाराकडे. पेट्रोल ज्याने भरलं तो बाजूला उभा असतो. त्याचा खर्च रोखीत झालेला आहे, आणि जुन्या रेघांमध्ये इंजिनासाठी एकही रेघ नाही.