राउटरच्या पोटातली चिठ्ठी

परवा गंगापूर रोडला पाऊस कोसळला आणि तासाभरात चार-पाच वेळा लाइट गेली. तेव्हापासून शेजारच्या काकूंचा राउटर नुसताच लुकलुकत होता. ‘चिप जळली,’ असं सगळ्यांचं मत पडलं. मी तो उघडला, सिरियल केबल जोडली, लॅपटॉपवर वेग 115200 ठेवला. पहिल्या ओळींतच उमटलं: ‘बॅड सीआरसी, यूझिंग डिफॉल्ट एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे पडताळणी चुकली, मूळ सेटिंग वापरतो. चिप शाबूत होती, तिच्यातली चिठ्ठी फाटली होती.

राउटर चालू केला की आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, इथे यू-बूट. तो लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, उठवतो आणि बाजूला होतो. त्याच्या सेटिंग फ्लॅशच्या, म्हणजे लाइट गेली तरी न विसरणाऱ्या चिपच्या, कोपऱ्यात ‘नाव=किंमत’ अशा ओळींनी लिहिलेल्या असतात; हीच ती चिठ्ठी. प्रत्येक ओळीनंतर एक शून्य बाइट आणि सगळ्यांच्या आधी 4 बाइटचा सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा.

हा सीआरसी म्हणजे शाळेतला भागाकारच. सगळी चिठ्ठी ही एक लांबलचक बायनरी संख्या धरायची आणि ठरलेल्या 33 बिटांच्या भाजकानं भागायचं. वजाबाकीत हातचा नाही, उसनं नाही: 1 आणि 1 चं 0, 0 आणि 1 चं 1. उरते ती 32 बिटांची बाकी. एक बिट जरी उलटलं तरी बाकी बदलते. सलग 32 बिटांच्या पट्ट्यात कशीही मोडतोड झाली तरी ती सुटत नाही. वाटेल तसा कचरा भरला, तर तो खरा वाटून जाण्याची शक्यता सुमारे 429 कोटींत एक. इतक्या साध्या वजाबाकीतून एवढी खात्री मिळते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हा राउटर दर वेळी सुरू होताना चिठ्ठीत एक आकडा वाढवतो. लिहिता लिहिता लाइट गेली. काकूंनी अमावास्येला दोष दिला, पण तिथीचा यात काही संबंध नाही.

पूर्वी कर्नलला ही चिठ्ठी कळतच नसे. वेगळा प्रोग्रॅम लागायचा आणि चिठ्ठी फ्लॅशमध्ये कुठून सुरू होते ते त्याला हातानं सांगावं लागे. आकडा चुकला की भलतीच जागा वाचली जाई. 2022 मध्ये लिनक्समध्ये यासाठी एनव्हीमेम ड्रायव्हर, म्हणजे ही टिकाऊ मेमरी वाचणारा कर्नलमधलाच भाग, आला. जागा त्याला डिव्हाइस ट्रीतून, म्हणजे हार्डवेअरच्या लेखी वर्णनातून, कळते. तो बाकी स्वतः काढून पडताळतो, जुळली तरच ओळी सुट्या करतो आणि प्रत्येक किंमत इतर ड्रायव्हरांपुढे ठेवतो. ‘इथॲडर’ या ओळीतली 17 अक्षरं 6 बाइट होऊन नेटवर्क ड्रायव्हरला मिळतात. तोच मॅक ॲड्रेस, नेटवर्कवरची राउटरची ओळख.

मी राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरून तो पत्ता टाइप केला, चिठ्ठी साठवायची ‘सेव्हएन्व्ह’ ही आज्ञा दिली आणि पुन्हा चालू केला. या वेळी सीआरसीची तक्रार आली नाही.